पंगत उठायच्या आधी

माझ्या चुलतभावाला, किशोरला, जन्मात एकही गोष्ट शेवटाला नेता आलेली नाही, आणि त्याचं त्याला तिळमात्र वाईट वाटलेलं नाही. सुरुवात करावी तर किशोरनंच. नारळ फोडायला हा पुढे, फोटोला उभा राहायला त्याच्याही पुढे. खोबरं वाटायची वेळ आली की किशोर कुठे आहे हे त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही.

हिंजवडीशेजारच्या माणमध्ये आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. पलीकडचं कोंडाजी नानांचं, म्हणजे किशोरच्या वडिलांचं. अलीकडचं त्यांच्या धाकट्या भावाचं, भिवाजीचं. तो माझा बाप, मी त्यांना आबा म्हणते. लहानपणी आमची भातखाचरं होती, तेव्हा आवणीला, म्हणजे भातलावणीला, दोन्ही घरं एकत्र चिखलात उतरायची. किशोर बांधालगतच्या चार मुठी रोपं लावायचा, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसावीत, आणि मग पाणी पिऊन येतो म्हणून जो जायचा तो जेवायलाच उगवायचा. वर "आज आवणी उरकली" असं सांगतही तोच फिरायचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारी माणसं असतात. हा नुसत्या वासानं व्हायचा.

आमच्या गावात पंगतीचा एक नियम आहे. तो कुणी शिकवत नाही, पाठीत धपाटा बसला की कळतो. पंगतीतलं एक जरी ताट चालू असलं तरी कुणी उठायचं नाही. आपलं जेवण होऊन हात वाळला तरी बसायचं. शेवटी यजमानाच्या घरातला मुलगा पंगतीवरून फिरतो, हवं-नको विचारतो, सगळ्यांचं झालं अशी खात्री करून घेतो आणि मग "उठा आता मंडळी" म्हणतो. मग सगळे एकदम उठतात. त्याआधी पाहुणा उठला तर तो रुसला, आणि पाहुण्याआधी यजमान उठला तर त्यानं पाहुण्याला हाकललं, असा सरळ अर्थ. किशोरनं हा धपाटा इतक्या वेळा खाल्ला की त्याची पाठ निबर झाली, पण डोक्यात काही शिरलं नाही. आपला लाडू संपला की हा उठलाच.

पुढं यानं मारुंजीत मिसळीचं दुकान काढलं. उद्घाटनाला बँड लावला होता. रस्सा जमायच्या आधीच दुकानावर दुसऱ्याची पाटी लागली. मग कंपन्यांना कॅब पुरवायच्या म्हणून गाडी घेतली, तिच्यावर देवाचं नाव रंगवलं, आणि ड्रायव्हर शोधायचा कंटाळा आला म्हणून ती दारात सडली. गाडीत कोंबड्या अंडी घालायच्या, तेवढाच तिचा उपयोग झाला. शेवटी कुठलासा क्लास करून तो हिंजवडीत प्रोग्रॅम लिहायला लागला. तिथं मात्र त्याचं बरं चाललंय. अर्धवट कामाला तिथं पहिला टप्पा म्हणतात आणि केक कापतात.

मीही हिंजवडीतच, दुसऱ्या कंपनीत, टेस्टिंग करते. म्हणजे किशोरसारख्यांनी 'झालं' म्हणून सोडलेलं काम खरंच झालंय का ते बघते. या नोकरीनं माझा स्वभाव बिघडला असं आई म्हणते. तो बिघडवायला नोकरीची गरज नव्हती, भिंतीपलीकडे किशोर होता.

आता नाना आणि आबांचं सांगते. त्यांच्याबद्दल फार आदरानं बोलायचं कारण नाही, दोघंही सारखेच अडेलतट्टू. नानांनी भाड्याच्या खोल्यांची पहिली इमारत बांधली तेव्हा तिची गॅलरी आमच्या अंगणावर वीतभर आली. वीतभर. तेवढ्या हवेवरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचं अन्न सोडलं. खाचरं विकली गेली, डोंगर पोखरले गेले, गावाच्या डोक्यावर टॉवर उभे राहिले, त्याचं दोघांना काही नाही. गॅलरी मात्र काळजात रुतलेली. भाडेकरूंची चड्डी-बनियनं तिथं वाळत असायची, आणि आबा रोज सकाळी तिकडे बघून थुंकायचे.

मागच्या वर्षी नानांच्या छातीत कळ आली. त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा आबा रोज जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. आत गेले नाहीत, चौकशी केली नाही, नुसते बसून परत यायचे. नानांनी ते काचेतून पाहिलं होतं. त्यांनीही हाक मारली नाही. पण घरी आल्यावर ते गंगूकाकीला, म्हणजे त्यांच्या बायकोला म्हणाले, "नव्या बिल्डिंगच्या वास्तुशांतीला भिवाला आवतान जाऊ दे." काकीनं ते पाणी भरताना माझ्या आईला सांगितलं, आणि आईनं आबांना. दुसऱ्या दिवशी आबांनी पेटीतला फेटा काढून उन्हात घातला.

आवतण म्हणजे पत्रिका नव्हे. पत्रिका कुणालाही जाते. आवतण म्हणजे जेवणाच्या दिवशी घरातला मुलगा उंबऱ्यावर येतो आणि नावानं हाक मारून "जेवायला चला" म्हणतो. हाक आली की माणूस निघतो, नाही आली तर कितीही भूक लागली तरी निघत नाही. नानांना भावकीतल्या सगळ्या उंबऱ्यांवर किशोरला पाठवायचं होतं, आणि आमच्याकडे सगळ्यात आधी.

पण किशोर उन्हात हिंडेल तर तो किशोर कसला. त्यानं बापाला सांगितलं, आता असं कुणी फिरत नाही, मी प्रोग्रॅम लिहितो. ग्रुपवर टाकलेलं आवतण भावकी धरत नाही, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याच्या नावानं वेगळा मेसेज जाणार, आणि त्याच्यासोबत नानांच्या आवाजातली हाक. नानांना त्यानं खुर्चीवर बसवून ती हाक बोलायला लावली. सगळ्यांसाठी एकच होती, "चला मंडळी, जेवायला चला." ती झाल्यावर नाना म्हणाले, "भिवाची येगळी घे." आणि मोबाइल तोंडाजवळ धरून म्हणाले, "भिवा, जेवायला ये रं." हे मला नंतर काकीनं सांगितलं. म्हणाली, तेवढं बोलताना त्यांचा आवाज बसला होता, पण परत बोलायला ते तयार होईनात.

वास्तुशांतीच्या दिवशी मी रजा काढून घरी होते. आबांनी सकाळीच दाढी केली, नवं धोतर नेसले, फेटा बांधला आणि ओसरीवर फाटकाकडे तोंड करून बसले. मोबाइल मांडीवर. आईनं, म्हणजे सारजाबाईनं, गॅस पेटवला नव्हता. जेवायला जायचं होतं ना. पलीकडून बुंदीचा वास येत होता, मांडवातली गाणी येत होती, रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. बिल्डर आले, जागेचे दलाल आले, किशोरच्या कंपनीतली पोरं गॉगल लावून आली. भावकीतलेही एकेक करून आत जाताना दिसत होते. आबांच्या मोबाइलवर काहीच येत नव्हतं.

"आबा, मी किशोरला फोन करते," मी म्हणाले.

"कशापायी?"

"विसरला असेल तो."

"आवतान मागून घेत्यात व्हय? भीक हाय का ती?"

"अहो, पण नानांनी सांगितलंय ना बोलवायला?"

"सांगितलंय तर यील. गप बस."

मी गप बसले. असल्या अभिमानाचं लोणचंसुद्धा घालता येत नाही, पण तो आमच्या घराण्यात भरपूर आहे.

मांडवात पहिली पंगत उठली, दुसरी बसली. माईक चालूच होता, मघाशी भटजी त्यावर सूचना देत होते. कुणीतरी नानांना आबांबद्दल विचारलं असावं. ते आम्हाला ऐकू आलं नाही. नानांचं उत्तर मात्र सगळ्या आळीला ऐकू आलं.

"आवतान दिलं व्हतं. न्हाई आला. मोठा मानूस झालाय त्यो. आता माझ्या मयतीला बी येऊ नगं म्हनावं."

मग कुणीतरी माईक बंद केला. गाणी पुन्हा लागली.

आबांनी डोक्यावरचा फेटा काढला, घडी न करताच मांडीवर ठेवला. "सारजे, भात टाक," एवढंच म्हणाले. आईनं कुकर लावला. मला किशोरचा इतका राग आला होता की तो समोर असता तर मी त्याला कुकरच्या झाकणानं हाणलं असतं. जेवताना आबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. आमच्या घरात आबा ताट सरकवून उठलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलीकडे गेले. किती वर्षांनी त्या फाटकातून आत जात होते, याचं मला भानही नव्हतं. मांडवातले लोक सतरंज्या गुंडाळत होते, नाना खाटेवर पाठमोरे पडले होते. किशोर गच्चीवर लॅपटॉप घेऊन चहा पीत बसला होता. कालच्या फोटोंना आलेले बदाम मोजत होता.

"आबांना आवतण का नाही पाठवलंस?" मी विचारलं.

"पाठवलं की. सगळ्यांना पाठवलं. हे बघ, प्रोग्रॅमनं लिहिलंय, 'सर्व आवतणे पूर्ण'."

"आबांच्या मोबाइलवर काही आलेलं नाही."

"मग त्यांचं नेट बंद असेल गं. माझ्याकडून सगळं ओके होतं."

माझ्याकडून ओके. हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकते, आणि ते म्हणणारा माणूस बहुधा जेवायच्या सुट्टीवर निघालेला असतो. मी त्याच्या हातून लॅपटॉप घेतला.

प्रोग्रॅम वाचायला फार वेळ लागला नाही. किशोरनं लिहिलेलं फार नसतंच. त्यानं सगळ्यांची आवतणं एका रांगेत लावली होती आणि ती न्यायला प्रोग्रॅमच्या आत चार गडी उभे केले होते. गड्यानं रांगेतून एक मेसेज उचलायचा, पाठवायचा, पोचल्याची खूण आली की दुसरा उचलायचा. एकाचं पोचेस्तोवर दुसऱ्यानं खोळंबायचं नाही. पद्धत चांगली होती, ती त्यानं कुठूनतरी उचललेली होती. त्याच्या स्वतःच्या डोक्यातला भाग शेवटी होता. आवतणं रांगेत लावली, की लगेच पुढच्या ओळीत 'सर्व आवतणे पूर्ण' असं छापलं आणि प्रोग्रॅम संपला.

"किशोर, रांगेत लावलं म्हणजे पोचलं का?"

"पाठवायला तर सांगितलं ना."

"सांगितलंस आणि दार लावून निघून गेलास. मुख्य प्रोग्रॅम संपला की आतले गडी असतील तिथे मरतात. नानांच्या आवाजाच्या फायली जड, त्या जायला वेळ लागतो. पहिल्या दोघाचौघांचं गेलं, बाकी रांगेतच मेलं. आणि पहिले कोण होते? तुझे मित्र आणि बिल्डर. भावकी शेवटी, आणि आबा सगळ्यात शेवटी."

"पण भावकी तर आली होती की!"

"लाज सोडून आली. बुंदीच्या वासावर आली. आबांना ते जमत नाही."

त्यानं थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी याच्या तोंडावर काहीतरी दिसेल. दिसलं, पण ते वेगळंच होतं. त्याला कोडं सुटल्याचा आनंद झाला होता.

"हां, मग सोपं आहे!" तो म्हणाला. "शेवटी थोडा वेळ थांबायची ओळ घालतो."

"किती वेळ?"

"अंदाजे."

"आणि नेट हळू असलं तर?"

"मग जरा जास्त अंदाजे."

मी त्याला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. अंदाज करायचा नसतो, मोजायचं असतं. किती निघाली आणि किती पोचली, दोन्ही सारखं होईपर्यंत मुख्य प्रोग्रॅमनं हलायचं नाही. रांग रिकामी झाली की गड्यांना सांगायचं, काम संपलं, जा आता. सगळे गडी गेले की मग आपण शेवटी जायचं. न सांगता गेलास तर काम मरतं, आणि गड्यांना जा म्हणायला विसरलास तर ते पुढच्या कामाची वाट बघत जन्मभर तिथंच उभे राहतात. पंगतीत बसतोस की नाही, अगदी तसंच.

"कळलं, कळलं," किशोर म्हणाला. त्याला अर्ध्या वाक्यातच सगळं कळतं. त्यानं पोचायची वाट बघणाऱ्या ओळी लिहिल्या, आणि मी "थांब" म्हणेपर्यंत चालू करायचं बटण दाबलं.

"काय करतोयस?"

"टेस्ट."

"खऱ्या नावांवर?"

भिंतीपलीकडे, आमच्या ओसरीवर, आबांचा मोबाइल वाजला. आबांना मेसेज उघडता येतो, पण आवाज कमी करता येत नाही. त्यामुळे आम्ही दोघांनी गच्चीवरून ते स्पष्ट ऐकलं. नानांचा बसलेला आवाज म्हणत होता, "भिवा, जेवायला ये रं."

पाठोपाठ किशोरचा फोन वाजायला लागला. एका दलालानं विचारलं, आज पुन्हा जेवण आहे का. बिल्डरनं विचारलं, येताना काय आणू. कारण मेसेजमध्ये लिहिलं होतं, आज दुपारी. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं, आणि किशोरनं ते वरात घरी गेल्यावर सोडलं होतं. तो फोनवर हसत हसत सगळ्यांना "टेक्निकल इश्यू" सांगत होता. लॅपटॉपवर सगळी आवतणं पोचल्याचं दिसत होतं, पण प्रोग्रॅम काही बंद होईना. गड्यांना जा म्हणायचं तो अर्थातच विसरला होता.

"हँग झालं," तो म्हणाला, आणि लॅपटॉप तसाच ठेवून खाली गेला.

मी कठड्यावरून वाकून बघत होते. मला वाटलं, आता आबा मोबाइल भिंतीवर आपटतील. काल माईकवरून ऐकवलं, आज उष्टं गोळा करायला बोलावताय का, असं विचारतील. आमच्या घराण्यात यापेक्षा लहान गोष्टींवर पिढ्या बोलायच्या बंद झाल्यात. आबांनी ती हाक पुन्हा एकदा लावली. मग ओसरीवरचा फेटा उचलला, झटकला, नीट बांधला, आणि फाटकातून बाहेर पडले.

नाना खाटेवर उठून बसले होते. त्यांनीही स्वतःचा आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता. आबा मांडवात येऊन उभे राहिले.

"आवतान आलं. आलो," आबा म्हणाले.

नाना त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिले. मग किशोरकडे वळले. "काल ग्येलं न्हवतं?"

"गेलं होतं नाना. म्हणजे निघालं होतं. पोचलं नव्हतं."

"आन तू मला सांगितलंस, समद्यांला पोचलं. मी सगळ्या गावाम्होरं माईकवर बोललो."

"ऐकलं म्या," आबा म्हणाले.

"ऐकून बी आलास?"

"हाक मारलीस न्हवं?"

नानांनी खाटेचा काठ धरला. मग काकीला हाक मारली, "गंगे, पाट मांड."

कालच्यातली बुंदी तेवढी उरली होती. काकीनं घाईनं पिठलं आणि इंद्रायणीचा भात केला, मी मिरच्या तळल्या. आईलाही बोलावलं, ती आली आणि काकीच्या गळ्यात पडून रडायला लागली, तिला आम्ही आतच जेवू घातलं. मांडवात दोन पाट समोरासमोर मांडले. बसायच्या आधी नानांनी किशोरला बजावलं, "वाढायला तू हुबा ऱ्हायचं. आमी उठंस्तवर हलायचं न्हाई."

"हो नाना, हलत नाही," किशोर म्हणाला.

त्यानं एकदा भात वाढला. एकदा पिठलं वाढलं, त्यातलं अर्धं पाटावर सांडलं. भाताचं पातेलं खाली ठेवतोय तोच त्याचा फोन वाजला. "दोन मिनिटांत आलोच," असं हवेत म्हणून तो गेला. फाटकाबाहेर बाइक चालू झाल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. नानांनी मान वर केली नाही.

पुढचं मी वाढलं. दोघं मुकाट जेवत होते. भात संपला, बुंदी संपली, ताक पिऊन झालं. आणि मग दोघं बसून राहिले.

आबा पाहुणे होते. घरातल्या मुलानं उठा म्हटल्याशिवाय ते उठणार नव्हते. नाना यजमान, भाऊ ताटावर असताना ते उठणार नव्हते. उठा म्हणायला जो उभा केला होता, तो बाइकवरून गेला होता. काकी मला दारातून खुणावत होती, तूच म्हण आता. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. पण मी पाहुण्याची मुलगी, त्या घरातली नव्हे, आणि खरं सांगायचं तर मला तो शब्द बोलायचाच नव्हता.

खरकटे हात तसेच धरून दोघं बसले. मांडववाले कापड सोडायला आले, तर नानांनी नुसत्या नजरेनं त्यांना परत पाठवलं. मग आबा म्हणाले, "पिठल्यात मीठ कमी हाय."

"तिला दाक्तरनं सांगितलंय, मला कमी घालत जा म्हनून."

"कशी हाय आता छाती?"

"हाय."

मग नाना म्हणाले, "बाकावर बसायचास. आत का न्हाई आलास?"

"हाक कुटं मारलीस?"

नाना हसले. हसताना त्यांना खोकला आला, आणि आबांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानंतर ते थांबले नाहीत. खाचरातल्या चिखलात रुतून बसलेला बैल, तो काढताना त्यांच्या बापानं दिलेल्या शिव्या, विकलेल्या बांधावरचं जांभळाचं झाड, कुठं काय होतं आणि आता तिथं कुठली कंपनी उभी आहे. हात कोरडे ठणठणीत झाले, ताटातलं पिठलं वाळून पापुद्रे निघाले. ऊन मांडवाच्या एका बाजूनं आत येऊन दुसऱ्या बाजूला गेलं. शेवटी त्या गॅलरीचा विषय निघाला तेव्हा मी आणि काकी दोघीही दारात येऊन उभ्या राहिलो.

"पाडतो ती," नाना म्हणाले.

"ऱ्हाऊ दे आता," आबा म्हणाले. "तिच्या सावलीला कोथिंबीर चांगली येतीया."

मी आत जाऊन डोळे पुसले. या दोन म्हाताऱ्यांनी माझ्या आयुष्यातली अर्धे सणवार नासवले होते, कोथिंबिरीवरच्या सावलीसाठी.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बाइक फाटकात येऊन थांबली. किशोरच्या हातात थंड पेयाची बाटली होती. मांडवात दोघांना पाटावर पाहून त्याला हसूच आलं.

"अजून ताटावरच?" तो म्हणाला. "झालं की जेवण. उठा की आता."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. नानांनी वाळलेला हात ताटावरच ठेवला आणि मुलाला म्हणाले, "आमचं न्हाई झालं अजून. तू जा. तेवढंच येतंय तुला."

आणि तो गेलासुद्धा.